वरच्या ओळीचं सारवण

नवा रस्ता झाला की फीत कापायला कुणीतरी येतं, फोटो निघतो, पाटी लागते. जुना रस्ता राखणाऱ्याला फक्त हॉर्न ऐकायला मिळतात. मी उभी नोकरी या दुसऱ्या कामात काढली. लोकांना माझ्या तोंडावर गाडीची काच वर करून घेताना मी पाहिलेलं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माझीच माझ्याबद्दल, आणि तीही एका आठवड्यापुरती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कार्डिफला आले ती नवऱ्याच्या मागोमाग. तो तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. आमच्या ओळखीतल्या सगळ्या बायका एकतर स्वतः डॉक्टर नाहीतर डॉक्टरांच्या बायका. माझ्याजवळ पुण्याची सिव्हिलची डिग्री होती आणि घरात बसायचा स्वभाव नव्हता. दोन वर्षं अर्ज केल्यावर कौन्सिलच्या रस्ते खात्यात नोकरी मिळाली. इंटरव्ह्यूत त्यांनी मला पावसात उभं राहायची सवय आहे का, एवढंच दोनदा विचारलं. ऑफिसातल्या हुशार मुलांकडे बायपास आणि पूल होते. माझ्याकडे आले झिजलेले रस्ते. गणपतीला सगळी मराठी मंडळी जमली की कोणीतरी हटकून विचारायचं, "काय डांबरीणबाई, आमच्या स्ट्रीटचा नंबर कधी?" नवरा घरी लाडानं डांबरट म्हणायचा. तेही मी चालवून घ्यायचे.

माझं काम सांगायला सोपं आहे. रस्ता वाहनांनी जितका मरत नाही तितका पाण्यानं मरतो. वरची कातडी घासून गुळगुळीत होते, तिला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून पाणी आत शिरतं, हिवाळ्यात त्याचा बर्फ होऊन फुगतो आणि मार्चमध्ये तिथे खड्डा असतो. मग सगळं उकरून नवा रस्ता करायचा तर कौन्सिलचे डोळे पांढरे होतात. पण भेगा केसाएवढ्या आहेत तोवर स्वस्तात भागतं. रस्ता झाडून घ्यायचा, त्यावर इमल्शनचा पातळ फवारा मारायचा, लगेच बारीक खडी पसरायची, वरून रोलर फिरवायचा. दोन दिवस गाड्या हळू जाऊ द्यायच्या, सुटी खडी झाडून न्यायची. संपलं. आमचे कामगार त्याला 'टार अँड चिप' म्हणायचे. माझ्या साहेबांना ते काम गरिबाघरचं वाटायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय साऱ्या जगाला आहे, साहेबांच्या देशालाही होती.

या कामाची अट एकच, कोरडी हवा आणि थोडी ऊब. इमल्शन म्हणजे पाण्यात कालवलेलं डांबर. टँकरमधून पडताना ते चॉकलेटी असतं. त्यातलं पाणी उडून गेलं की काळं होतं आणि खडीला घट्ट धरतं. पाणी उडालं नाही तर ते नुसतं तपकिरी पाणीच राहतं. म्हणून वेल्समध्ये हे काम मे महिन्यात सुरू करायचं आणि सप्टेंबरबरोबर आवरायचं.

कार्डिफच्या उत्तरेला ज्या दऱ्या आहेत, त्यांतल्या एका दरीच्या अगदी वर दगडी घरांची एक ओळ होती. खाणकामगारांसाठी कधीकाळी बांधलेली, एकाला एक चिकटलेली तीसेक घरं. खाण बंद झाली होती, माणसं राहिली होती. खालच्या गावातून वर जाणारा रस्ता एकच, चढ छातीवर येणारा आणि मध्ये एक आखूड वळण. त्यावरून तासातासाला एक छोटी बस वर यायची. त्या वर्षी उन्हाळ्यात बसकंपनीचं पत्र आलं, की वळणावर रस्ता इतका गुळगुळीत झाला आहे की ओल्यात चाकं सरकतात. हिवाळ्याआधी काही केलं नाही तर बस खालीच थांबेल.

नवा रस्ता करायला पैसे नव्हते. मी म्हटलं, टार अँड चिप करू. साहेब म्हणाले, करा, तुमची जबाबदारी. एवढं किरकोळ काम दुसऱ्या कुणाला नकोच होतं. संपूर्णपणे माझं असं ते पहिलं काम.

आमचा फोरमन त्याच ओळीत राहायचा. साठीला टेकलेला, बुटका, कमी बोलणारा. मला तो 'बाख' म्हणायचा. वेल्श भाषेत आपल्या 'बाळ'सारखा तो शब्द आहे. त्याच्या बायकोचं खुब्याचं हाड दुखावलेलं होतं. तो चढ तिला चालवत नव्हता, गाडी चालवता येत नव्हती. तिची थोरली बहीण दरीच्या तळाशी म्हाताऱ्यांच्या हॉस्पिटलात पडून होती. फोरमनची बायको रोज दोनच्या बसनं खाली जायची, पर्समध्ये एक केस विंचरायचा ब्रश घेऊन. त्या बहिणीचे केस लांब होते आणि नर्सना ती हात लावू द्यायची नाही. ही जाऊन विंचरायची, वेणी घालायची आणि चारच्या बसनं वर यायची. हे मला त्यानं एकदा व्हॅनमध्ये सँडविच खाताना सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "बाकीच्यांचं मला माहीत नाही बाख, पण आमच्या घरी ती बस लागते."

ऑगस्टमध्ये आम्ही वळणावरचे लहान खड्डे भरून घेतले. इमल्शनचा टँकर तीन विभागांत मिळून एक होता. आमच्या वाट्याला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला. उशीर झाला होता, पण चालण्यासारखं होतं. तेवढ्यात शेजारच्या विभागातल्या इंजिनिअरचा फोन आला, की त्याला घाई आहे, आपण अदलाबदल करू या का. त्यानं आधी टँकर न्यावा, मी दहाएक दिवसांनी घ्यावा. मी म्हटलं, उद्या सांगते.

त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून आयुष्य गेलेलं, बाई मोठी रोखठोक. येताना बॅगेत लोणच्याच्या बरण्यांबरोबर भिंतीवर लावायची दिनदर्शिका आणली होती आणि ती आमच्या फ्रिजशेजारी टांगली होती. त्या संध्याकाळी त्या किचनमध्ये टेबलाशी बसून रनर बीन्सच्या शिरा काढत होत्या.

"आई, मंडेपासून मी माझं रस्त्याचं काम स्टार्ट करतेय," मी म्हणाले. "डोंगरावरच्या रस्त्याचं. टोटल रिस्पॉन्सिबिलिटी माझी आहे."

त्यांनी मान वर करून दिनदर्शिकेकडे पाहिलं. "सोमवारी? पितृपक्ष चाललाय ना गं. त्यात नवं काम कशाला सुरू करतेस? सर्वपित्री होऊ दे, घट बसले की कर."

"अहो आई, इथे असलं कुणी बघत नाही."

"मग मला कशाला सांगितलंस?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा मोडू लागल्या.

त्यांनी आग्रह केला नाही, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगते. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं ते मीच. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. लग्नाची तारीखसुद्धा आम्ही सुट्ट्यांच्या सोयीनं धरली होती. पण ते माझं पहिलं काम होतं. साहेबांनी तुमची जबाबदारी म्हटलं होतं. काही बिनसलं तर सगळे म्हणतील, बाईला जमलं नाही, इंडियन बाईला जमलं नाही. मनात एकदा पाल चुकचुकली की इंजिनिअरिंगची डिग्री तिला हाकलायला येत नाही. सकाळी मी फोन करून अदलाबदल कबूल केली.

फोरमनला सांगितलं, की भरलेले खड्डे अजून दहा दिवस बसू दे. हे कारण अगदी खोटंही नव्हतं. आमच्या विद्येत कुठल्याही निर्णयाला एक कारण सापडतंच. त्यानं यार्डच्या दारातून आभाळाकडे पाहिलं.

"हवा चांगली आहे," तो म्हणाला.

"हो. पण पॅचेस सेटल होऊ देत."

"बरं, बाख."

त्या आठवड्यात ऊन पडलं. तसं ऊन वेल्समध्ये जुलैतसुद्धा मी क्वचित पाहिलं होतं. रोज सकाळी पडदा सरकवला की निळं आभाळ दिसायचं आणि मी पडदा पुन्हा ओढून घ्यायचे. त्याच आठवड्यात सासऱ्यांची तिथी आली. सासूबाईंनी पहाटे उठून मागचं दार, पायरी, अंगणातल्या चार फरशा धुऊन घेतल्या, खीर-वडे केले आणि पान अंगणाच्या भिंतीवर ठेवलं. कावळा आला नाही. एक भला मोठा सीगल आला आणि त्यानं वडा उचलला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. "येऊ दे," त्या म्हणाल्या, "इथला कावळा तोच असेल." मला हसू आलं, पण माझं सगळं लक्ष आभाळाकडे होतं.

घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर आला. सकाळी दरीत धुकं होतं. दहापर्यंत ते उठलं, पण ऊन काही आलं नाही. माणसं हातमोजे घालून उभी होती. टँकर आमच्याकडे दोनच दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी पाऊस सांगितला होता. फोरमन वाकला आणि त्यानं तळहात रस्त्यावर टेकवला. माझ्याकडे पाहिलं. आता नाही म्हणायचं तर पुढच्या मेपर्यंत थांबायचं, आणि बस हिवाळ्याआधीच बंद होणार. मी म्हटलं, करू या.

फवारा बसला, खडी पडली, रोलर फिरला. दुपारी दोन वाजले तरी खडीच्या फटींतून चॉकलेटी रंगच दिसत होता. तीन वाजले तरी तोच. मी गुडघ्यावर बसून बोट लावलं तर बोटाला तपकिरी पाणी लागलं. चारच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. माझं डांबर वळणावरून ओघळून गटाराला लागलं. वरच्या ओळीतल्या दोन-तीन बायका फडकी घेऊन, बुटांबरोबर वर आलेले तपकिरी डाग पायऱ्यांवरून पुसायला बाहेर आल्या. पुढच्या आठवड्याभरात वळणावरची निम्मी खडी कडेला जाऊन पडली, आणि मग एका ओल्या सकाळी बस त्या सुट्या खडीवर मागे सरकली आणि कठड्याला टेकून थांबली. कुणाला लागलं नाही. ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरवलं. बसकंपनीचं पत्र तीन ओळींचं होतं, बस आता खालच्या गावातच थांबेल.

फोरमननं कामाच्या वहीत 'हवामान' असं लिहिलं. ऑफिसात मीही तेच सांगितलं. साहेब म्हणाले, ऑक्टोबरमध्ये आणखी काय होणार, आणि विषय संपला. थंडीत पुन्हा करता येण्यासारखं काही नव्हतं. आम्ही सुटी खडी झाडून नेली आणि रस्ता होता तसा उरला, गुळगुळीत.

एका रविवारी मी सासूबाईंना गाडीत घालून तो रस्ता दाखवायला नेलं. का नेलं सांगता येत नाही. बहुधा त्यांनाही थोडं वाईट वाटावं असं मनात असेल. वळणापाशी गाडी लावली. त्या कोट सावरत उतरल्या, बुटाच्या टोकानं रस्ता उकरून पाहिला.

"हा तर जुनाच आहे," त्या म्हणाल्या. "नवा कुठाय?"

"नवा नाही करत आई. खालचा स्ट्राँग आहे. फक्त वरची सर्फेस गेली होती. म्हणून पातळ कोट द्यायचा, वर चिप्स. म्हणजे पाणी आत जात नाही आणि खालचा टिकतो."

"म्हणजे सारवायचा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मी लोकांना माझं काम मराठीत सांगायला धडपडत होते आणि हा शब्द मला सुचला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "सारवायचाच."

"मग सारवायला पितृपक्ष कोण बघतं?" त्यांच्या आवाजात नवल होतं. "ते काय नवं कार्य आहे? उलट श्राद्धाच्या आधी मुद्दाम सारवतात. तू मला म्हणालीस, रस्त्याचं काम स्टार्ट करतेय. मला वाटलं नवा रस्ता काढताय. सारवण ऊन बघून करतात गं. ऊन पडलं की आटपून घ्यायचं, पंचांग कसलं?"

त्यांनी खाली वाकून एक खडा उचलला, चोळून पाहिला आणि टाकून दिला. "ओल होती वाटतं," त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "नीट विचारायला हवं होतंस." मी हो म्हटलं. नोव्हेंबरमध्ये त्या साताऱ्याला परत गेल्या आणि दिनदर्शिका मागे ठेवून गेल्या.

हिवाळा लांबला. फोरमनची बायको बहिणीकडे जाऊ शकत होती ती कुणी गाडीतून नेलं तरच. शेजारी न्यायचे, पण शेजारीही बरेचसे म्हातारेच. फोरमनला शनिवार-रविवार मोकळा मिळायला हवा होता, तर बर्फाचे दिवस आले की आम्ही त्याला मीठ टाकायच्या गाडीवर पाठवायचो. तो साऱ्या दरीतले रस्ते मोकळे ठेवायचा आणि त्याची बायको घरात बसायची. मी दोनदा माझ्या गाडीतून तिला नेलं. दुसऱ्यांदा मी वॉर्डच्या दारात थांबले होते. बहिणीचे केस नर्सनी मानेपर्यंत कापून टाकले होते. त्यांचाही नाइलाज होता, गुंता फार झाला होता. फोरमनची बायको थोडा वेळ उभी राहिली, मग पर्समधून ब्रश काढून जेवढे उरले होते तेवढे विंचरू लागली.

फेब्रुवारीत ती बहीण गेली. फोरमननं यार्डात येऊन मला सांगितलं आणि उरलेल्या दिवसाची सुट्टी मागितली. मी घरी येऊन रडले. नवरा म्हणाला, "अगं, तिचं वय झालं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. तू गिल्टी वाटून घेऊ नकोस." तो डॉक्टर होता, मरणाबद्दल त्याचं बरोबरच असणार. पण ती केव्हा गेली हा प्रश्नच नव्हता. त्याआधीचे चार महिने कसे गेले हा होता, आणि तो मी त्याला समजावू शकले नाही. त्या दिवशी मी त्याच्यावर उगाच चिडले.

जूनमध्ये आम्ही पुन्हा वर गेलो. टँकर यायच्या आधीच्या दिवशी मी कुणालाही काही विचारलं नाही, फक्त रेडिओवर हवामान ऐकलं. रस्ता हाताला कोमट लागत होता. फवारा पडला, खडी पडली, आणि अर्ध्या तासात फटींतला चॉकलेटी रंग कडेकडेनं काळा होत गेला. रोलरखालून खडी हललीसुद्धा नाही. वळणावर फोरमननं बुटाची टाच रुतवून पाहिली आणि मान डोलावली. पुढच्या सोमवारपासून बस सुरू होणार होती.

त्याच्या बायकोनं कामगारांसाठी चहा केला. बाकीचे खाली रोलरपाशी होते. मी तिच्या पायरीवर कप घेऊन बसले आणि ती दारात खुर्ची टाकून बसली. मला वाटलं, आज नाही सांगितलं तर कधीच सांगायची नाही. मी सांगितलं. म्हटलं, गेल्या वर्षी हवामानामुळे नव्हे, माझ्यामुळे बिघडलं. टँकर आमच्याकडे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच येणार होता. मी तो पुढे ढकलला.

"का?" तिनं विचारलं.

आमच्यात एक पंधरवडा असतो, मी म्हणाले. त्यात गेलेल्यांची आठवण करतात, त्यांना जेवू घालतात, आणि नवं काम सुरू करत नाहीत. माझा विश्वास नव्हता तरी मी पाळला. आणि पाळायची गरजही नव्हती, कारण हे नवं काम नव्हतंच. आहे ते राखायचं काम होतं. हे मला नंतर कळलं.

समोरच्या उतारावर ओळीतल्या सगळ्या घरांच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. त्यांच्याकडे ती बघत होती.

"सप्टेंबरचा शेवटचा आठवडा," ती म्हणाली. "त्या आठवड्यात मी घरातली सगळी ब्लँकेट्स धुतली होती. रोज एक. रोजचं रोज वाळत होतं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि आणखी हवा का, असं विचारलं.